गऱ्यांची वळकटी

नार्वे, २२ मार्च १९८७

दादा,

नमस्कार. 'तीर्थरूप' लिहायला पेन उचलत नाही, म्हणून ती जागा कोरी ठेवली आहे. पाच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता मराठीत लिहिते, म्हणून तुझ्या कपाळाला आठी पडेल. डिसेंबरात तू कोंकणीच्या मोर्चात पुढे होतास असं कानावर आलं. मी मराठीच्या सभेत सतरंजीवर बसले होते, हे तुझ्या कानावर गेलंच असेल. आपल्या बाबांनी बाराखडी मराठीत शिकवली आणि शिव्या कोंकणीत दिल्या. तेव्हा पत्र मराठीत, आणि त्यात शिव्या आल्याच तर त्या कोंकणीत येतील.

आता कारण सांगते. शिगम्याच्या शेवटच्या दिवशी गावच्या मांडावर वाड्यातली सगळी घरं जमली होती. तिथे रामचंद्रकाका मला म्हणाले, "सुमंगल, मानशीची पयली गरी तुमच्या घराची. पांच वर्सां तुमचो मनीस येवंक ना. औंदां आयलो ना जाल्यार मान फुडल्या घराक वतलो."

पाच वर्षं आपला माणूस आला नाही, यंदाही नाही आला तर मान पुढच्या घराला म्हणे! मी त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होते.

तू हरमलच्या समुद्रापाशी राहतोस, मानस म्हणजे नदीच्या बांधातलं पाण्याचं दार, हेही विसरला असशील. वैशाख अमावस्येनंतरच्या पहिल्या आयतारी, बांधाच्या दारापाशी कंत्राटदाराचं जाळं लागण्याआधी, एक सकाळ वाड्याची असते. त्या दिवशी फक्त गऱ्या टाकून मासे धरायचे, आणि पहिली गरी आपल्या घराची. ती पाण्यात पडेपर्यंत कुणी दोरी ओली करत नाही. आजोबांनी टाकली, बाबांनी टाकली. बाबा गेल्यापासून रामचंद्रकाका आपल्या घराच्या नावाने पाण्यात एक खडा टाकतात आणि मग बाकीचे बसतात. दादा, पाच वर्षं मी तो खडा पडताना ऐकते आहे. विठ्ठल गरीकाराचं घर, आणि त्याच्या नावाने खडा!

यंदा ती गरी मी टाकणार आहे. काकांना तसं सांगितलं. ते डोकं खाजवून म्हणाले, "थोरल्यान म्हळें जाल्यार आमचें कितें वता?" थोरला हो म्हणाला तर त्यांचं काही जात नाही, आणि थोरला तू. म्हणून हे पत्र. काकांना दोन ओळी लिही. आणि बाबांचा गऱ्यांचा डबा, जो तू तेराव्या दिवशी खुंटीवरून काढून नेलास, तो परत पाठव.

पाडवा आठ दिवसांवर आहे. वहिनीला माझा नमस्कार, तिला तो पूर्ण.

सुमंगला


नार्वे, १२ एप्रिल १९८७

दादा,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनने ते आधी वाचलेलं होतं, त्यामुळे माझ्या हातात यायच्या आत दिचोलीच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक झालं. "बायल मनशान मानशीर गरी घालची न्हय. डबो म्हजेकडे आसा, थंयच रावतलो." सबंध कार्डावर दोनच ओळी. तेराव्याला तू मला हेच म्हणाला होतास, अगदी याच शब्दांत. पाच वर्षांत निदान एखादा नवा शब्द तरी शिकायचास.

ठेव डबा. मला नको आहे. खरं सांगायचं तर तो डबा बाबांचा होता म्हणून चांगला, नाहीतर गऱ्या ठेवायला त्याच्याइतकी वाईट वस्तू नाही. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत सगळा गोपाळकाला. लहान गरी मोठ्या गरीत अडकलेली, तिच्यात तंगुसाच्या नायलॉन दोऱ्याचा गुंता, खाली शिसं गडगडतंय. मासा तोंडाशी आलेला असायचा आणि बाबा डबा पालथा करून बोटं टोचून घ्यायचे.

तुझी बायको माझ्यावर माया करते हे तुला खुपत असेल, पण सांगून टाकते. वहिनी माहेरी दिचोलीला आली तेव्हा ब्लाऊज शिवायचं निमित्त काढून माझ्या शिवणाच्या दुकानात आली. येताना तुम्ही पाहुण्यांना भाड्याने देता त्या खोलीत राहिलेला कुणी गोरा सोडून गेलेली प्लास्टिकची पेटी घेऊन आली. उघडली की जिन्यासारखे कप्पे वर येतात. मी ती दोन दिवस उलटीपालटी करून पाहिली. दिसायला नवरीसारखी. पण त्याने रबराचे किडे कप्प्यात ठेवले होते, ते उन्हाने वितळून प्लास्टिकला असे चिकटले की सुरीने खरवडावे लागले. शिवाय ती धरायला एक हात अडकतो. मानशीच्या बांधावर एक हात तोल सांभाळायला लागतो, एक दोरीला. पेटी काय दातात धरायची?

म्हणून मी माझी स्वतःची शिवली. वळकटी. पोलिसांच्या पँटी शिवून उरलेलं जाडं खाकी कापड, त्यावर मेण घासून इस्त्री फिरवली, पाणी वरून ओघळून जातं. गुंडाळली की तुझ्या कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढी, खांद्यावरून तिरका पट्टा. उलगडली की मांडीवर पसरते आणि सगळं डोळ्यांसमोर.

आतली रचना ऐक, कारण ती दुसरं कोणी करणार नाही. गऱ्या सुयांसारख्या फ्लॅनेलच्या पट्टीत टोचलेल्या, एकीची दुसरीला ओळख नाही. लहान माशापासून मोठ्यापर्यंत, डावीकडे काळुंदराच्या बारीक, मध्ये शेवट्याच्या, उजवीकडे चोणकाच्या. चोणकाच्या कल्ल्याची धार सुरीसारखी, तो तंगूस कापून जातो, म्हणून त्या गऱ्यांना आधीच वीतभर तार बांधून ठेवली. तंगूस दोऱ्याच्या रिकाम्या लाकडी रिळांवर. शिसं सगळ्यात खालच्या खिशात, म्हणजे वळकटी लोंबते ती सरळ लोंबते, फिरत नाही. तळाला चार काजं केली आहेत, आत शिरलेलं पाणी तिथून गळतं. आणि प्रत्येक खिशाला वेगळं बटण. चोणकाच्या खिशाला कोटाचं मोठं, काळुंदराच्या खिशाला झबल्याचं. पाण्यावरची नजर न काढता बोटांना कळतं कुठलं उघडायचं ते.

वीस वर्षं लोकांची मापं घेतली, दादा. पहिल्यांदा स्वतःच्या मापाचं काही शिवलं. मला याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

काकांना दोन ओळी अजून लिहिता येतील. शाई महाग झालेली नाही.

सुमंगला


नार्वे, ३ मे १९८७

दादा,

हे तुला कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेलच, त्यापेक्षा मीच सांगते.

वळकटी घेऊन मी तीन सकाळी नदीवर बसले. आमिषाची सुंगटं ताजी, पाणी चढतं, जागा बाबांची. एकही मासा तोंड लावेना. माझ्या दोन्ही बाजूंना बसलेल्यांना लागत होते आणि माझी दोरी कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणलेली. तिसऱ्या दिवशी पलीकडून कोणीतरी म्हणालं, "बायल मनशाची गरी, नुस्त्याक लेगीत कळटा." सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन मात्र रडले. तुला हे सांगायची गरज नव्हती, पण लिहून झालं आहे, खोडत नाही. क्षणभर मला वाटलं, तू म्हणतोस ते खरंच असेल. माशांनाच मान्य नसेल तर मी कुणाशी भांडू?

मग वहिनी ब्लाऊज न्यायला आली. मी खुंटीवरची वळकटी तिला दाखवायला उलगडली. तिने नाक मुरडलं. म्हणाली, "वन्सं, ह्याका पेटींतल्या शालूचो वास कसो येता?"

दादा, मी प्रत्येक खिशात डांबराची गोळी ठेवली होती!

शिंपिणीचा हात. कापड म्हटलं की कसर लागू नये म्हणून गोळी टाकायची, इतकी वर्षांची सवय, हाताने टाकली आणि डोक्याला कळवलंही नाही. तीन दिवस मी माशांना डांबरगोळीचा नैवेद्य दाखवत होते. वहिनी आणि मी इतक्या हसलो की समोरचा पाववाला पदेर उंड्यांची टोपली खाली ठेवून बघायला आला.

वळकटी रिठ्याच्या पाण्यात दोनदा धुतली, दोन दिवस उन्हात टाकली, मग मानशीच्या चिखलात सुंगटांची सालं कुटून आतून बाहेरून फासली. गऱ्या राखेने घासल्या. आता गोळ्यांच्या जागी कोळशाचा तुकडा, मिठाच्या बरणीत ठेवतो तसा, ओल शोषून घेतो. काल गेले. सात काळुंदर, एक शेवटा. हसणाऱ्याच्या घरी दोन काळुंदर पाठवून दिले, तळून.

आणि आता एक गोष्ट, जी मी बाबांना कधी कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं होतं. बाबा नाहीत आणि तू घरचा थोरला आहेस, म्हणून तुला सांगते. शेवटच्या तीन वर्षांत बाबांचे हात थरथरायचे. सुईत दोरा जात नव्हता, गरी कुठून बांधणार? प्रत्येक गरी मी बांधत होते. घरी, दार लोटून. ते मला बोटाला धरून गाठ दाखवायचे आणि चुकली की टपली मारायचे. मानशीवर ते नुसती दोरी फेकायचे. एकोणऐंशी सालचा तो मोठा चोणक, ज्याच्या गोष्टी अजून मांडावर सांगतात, तो माझ्या गाठीवर आला होता.

मी गप्प राहिले कारण मान बाबांचा होता. पण त्याच मानावर आता खडा पडतो, तेव्हा मला गप्प बसवत नाही. तू लहानपणीच म्हापशाला शिकायला गेलास, तुला सगळं मिळालं, शाळा, चप्पल, फाउंटन पेन. मला एक गाठ मिळाली. ती तरी माझी म्हण.

सुमंगला


नार्वे, २१ मे १९८७

दादा,

वहिनी आज डबा देऊन गेली. तू बरोबर चिठ्ठी दिली नाहीस. वहिनी म्हणाली, "तांणीं म्हज्या हातांत दिलो आनी भायर वचून उबे रावले." आणखी काही तिला ठाऊक नाही.

झाकण निघेना. गंजाने चारी बाजूंनी डाग दिल्यासारखं बसलं होतं. मशीनचं तेल घातलं, पेचकस घातला, शेवटी मुसळाने ठोकलं. आत गऱ्या नव्हत्याच. एक तांबडा गोळा होता, लाडवासारखा, त्यातून दोन-चार टोकं बाहेर. तंगूस हात लावताच मोडत होता. बाबांनी शेवटच्या दिवशी ओल्या गऱ्या तशाच आत टाकल्या असणार, आणि त्यावर झाकण बसलं ते बसलंच.

मला राग यायला हवा होता. आला नाही, नुसतं नवल वाटलं. पाच वर्षं तू हा डबा एकदाही उघडला नाहीस? तुझ्या दारात समुद्र आहे, हाकेवर केरीची खाडी आहे. मी इथे बसून तुझा हेवा करत होते, की बाबांच्या गऱ्यांनी दादा चोणक काढत असेल. वापरायचा नव्हता तर नेलास कशाला, आणि मला का दिला नाहीस? हे मी भांडायला विचारत नाही, मला खरंच कळत नाही.

शिसं मात्र जसंच्या तसं निघालं. शिशाला गंज चढत नाही. बाबांनी चुलीवर वितळवून ओतलेले अकरा मणी. धुऊन माझ्या वळकटीच्या तळाच्या खिशात घातले. वळकटी आधीपेक्षा जड झाली आहे, पण खांद्याला बरं वाटतं.

रामचंद्रकाका काल दारावरून गेले. विचारलं, थोरल्याची चिठ्ठी आली? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "जाल्यार बाय, फुडलें घर म्हजें. म्हाका घेवपाक बरें दिसना, पूण चाल ती चाल." माणूस वाईट नाही. चिठ्ठी नाही आली तर एकतीस तारखेला पहिली गरी त्यांची.

मी आता तुझ्याकडे मागत नाही. दोनदा मागितलं, तिसऱ्यांदा मागितलं तर विठ्ठल गरीकाराची मुलगी कसली! एकतीसला मी बांधावर असेन. मान गेला तर गेलेला डोळ्यांनी बघेन, घरात बसून ऐकणार नाही.

सुमंगला


नार्वे, ३१ मे १९८७, दुपार

तीर्थरूप दादास,

सुमंगलेचा साष्टांग नमस्कार. कोरी जागा भरली आहे, बघ.

वहिनी आज माहेरी थांबली आहे, हे पत्र तिच्याबरोबर येतं आहे, म्हणजे उद्या सकाळी तुझ्या हातात. तुला इतक्यात पत्र कशाला, आत्ताच तर भेटलो, असं म्हणशील. भेटलो कुठे? तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. आणि खोल्यांवर पाहुणे आहेत म्हणून साडेदहाच्या बसने निघूनही गेलास. त्यामुळे पुढचं तुला ठाऊक नाही, आणि आधीचं मी कसं पाहिलं तेही ठाऊक नाही.

काल गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. बाजारात फटाके, प्रत्येक दुकानात पेढे. मला काही गोड लागेना. सकाळी वळकटी खांद्याला लावून बांधावर गेले आणि सगळ्यांच्या मागे उभी राहिले. रामचंद्रकाकांनी दोरी हातात घेतली होती. तेवढ्यात फेरीबोटीच्या धक्क्याच्या बाजूने तू येताना दिसलास, पांढरा शर्ट, पायात बूट, चिखलात. काका ओरडले, "आयलो रे आयलो! घरचो मनीस आयलो!" आणि लोकांनी तुला वाट करून दिली. खरं सांगते, त्या क्षणी मला तुझा असा राग आला की वळकटी पाण्यात फेकून द्यावीशी वाटली. पाच वर्षं आला नाहीस, आणि आज माझ्यावर कडी करायला आलास!

काकांनी तुझ्या हातात गरी आणि दोरी दिली. तू ती बघत उभा राहिलास. मग तू बोललास ते मी शब्दाला शब्द लिहून ठेवते, कारण तू पुन्हा कधी बोलणार नाहीस.

"म्हाका गरी बांदूंक येना. बाबान म्हाका शाळेंत धाडलो, मानशीर केन्नाच व्हरूंक ना. लजेक पडून हांव पांच वर्सां आयलों ना. आमच्या घरांत गरी बांदपी एकूच मनीस आसा. ती थंय फाटल्यान उबी आसा."

दादा रे! तुला सगळं मिळालं असं मी तुला महिन्यापूर्वीच लिहिलं होतं. चप्पल, पेन, सगळं मोजून. तू तो डबा का नेलास आणि का उघडला नाहीस ते मला तिथे चिखलात उभी असताना कळलं: बाबांनी तुला एकदाही मानशीवर नेलं नाही, गरी बांधता येत नाही याची तुला लाज वाटत होती, आणि त्यांचं तेवढंच तुझ्यापाशी होतं. मला निदान दार लोटून बाबांच्या टपल्या मिळाल्या; तू लहानपणापासून म्हापशाला खोलीत एकटा होतास, आणि तुला कुणी टपलीही मारली नाही. मला क्षमा कर. एवढ्या लोकांसमोर जे तू बोललास ते मला बोलता आलं नसतं. आजवर मला माझ्या हातांचा अभिमान होता. आज पहिल्यांदा माझ्या भावाचा वाटला.

मी पुढे आले. तू माझ्या खांद्यावरची वळकटी उतरवून घेतलीस आणि दोन्ही हातांवर पसरून धरलीस, आरतीचं ताट धरतात तशी. मी पाण्याकडे बघत हात मागे केला, कोटाचं बटण बोटांना लागलं. गरी टाकली. खडा पडतो त्याचा आवाज होतो. गरीचा होत नाही. तू वाकून बघत होतास, पडली की नाही.

पहिला लागला तो बोटभर काळुंदर, तो तू पाहिलास आणि तुझ्या मिशीत हसू आलं, तेही मी पाहिलं. तू गेल्यावर अकराच्या सुमाराला पाणी उतरायला लागलं आणि दोरी अशी गेली की माझ्या तळहाताला चर पडला. अर्धा तास. रामचंद्रकाका काठावर नाचत होते, "सोड सोड, आतां ओड!" तार नसती तर तिसऱ्या उडीलाच त्याने कल्ल्याने कापलं असतं. बाबांचं शिसं, माझी गाठ. चोणक, साडेसात किलो, वाण्याच्या काट्यावर तोलला. एकोणऐंशीचा सहा होता. ज्याने माशांनाही कळतं म्हटलं होतं त्यानेच तो खांद्यावर घेऊन माझ्या दारात आणून ठेवला.

गोव्याला पंचवीस वर्षं लागली, मला पाच. तेव्हा दिल्लीपेक्षा तू बरा.

चालीप्रमाणे डोकं घरच्या थोरल्याचं. हळद-मीठ लावून केळीच्या पानात बांधून वहिनीकडे दिलं आहे. आंबट घालून कर म्हणावं, नारळ सढळ.

त्याच पिशवीत खाकी कापडाची एक छोटी वळकटी आहे. आज दुपारी शिवली, मशीन अजून गरम आहे. ती तुझी. आत एकच खिसा आणि एकच गरी. तिची गाठ मी अर्धी बांधून ठेवली आहे, शेवटचा फेरा घातलेला नाही. तो तू घाल. तंगूस ओढण्याआधी जिभेने ओला कर, कोरडा ओढलास तर जळतो. बाबा इथेच टपली मारायचे.

तुझी धाकटी बहीण,
सुमंगला